‘स्लो’ लिहिलेली पाटी : इमोला, १९८२

२५ एप्रिल १९८२. इटलीतल्या इमोला ट्रॅकवर फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतल्या सान मारिनो ग्रां प्रीची ४४वी फेरी चालू होती. पुढे असलेल्या रेने आर्नूच्या रेनॉचं इंजिन धूर सोडून बसलं आणि फेरारीच्या दोन लाल गाड्या पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर आल्या. पुढे २७ क्रमांकाची, झिल व्हिलनव्हची. मागे २८ क्रमांकाची, दिदिए पिरोनीची. तिसऱ्या क्रमांकावरचा मिकेले आल्बोरेतो इतका मागे होता की त्याच्याकडून धोका उरला नव्हता. शर्यतीच्या १६ फेऱ्या बाकी होत्या. फेरारीच्या माणसांनी पिटच्या, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेच्या, भिंतीवरून पाटी दाखवली. तिच्यावर एकच शब्द होता : ‘स्लो’.

आपल्याकडे घाटात ‘वाहने सावकाश हाका’ अशी पाटी असते. ती वेगाबद्दल सांगते. अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यायची, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. ते रिवाजाने ठरतं : चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. दोन्ही ड्रायव्हरांना रिवाज माहीत असेल तर पाटी पुरते. एकालाच माहीत असेल, तर प्रत्येक जण आपापल्या समजुतीप्रमाणे अगदी बरोबर वागतो आणि गाड्या एकमेकींवर येतात.

इमोलाला तेच झालं. १३ दिवसांनी व्हिलनव्ह अपघातात गेला. साडेतीन महिन्यांच्या आत पिरोनीचे दोन्ही पाय मोडले आणि तो पुन्हा कधी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला नाही. हे प्रकरण बहुतेक ठिकाणी ‘दगाबाजी’ म्हणून सांगितलं जातं. व्हिलनव्हवर जीव टाकणाऱ्यांना ते तसंच ऐकायला आवडतं. मलाही तो ड्रायव्हर फार आवडतो. पण त्या दिवसाचा तपशील जितका वाचला, तितकं माझं लक्ष पिरोनीवरून हटून त्या पाटीकडे आणि ती धरणाऱ्या माणसांकडे गेलं.

दोघे जण

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात आणि विजेतेपदंही दोन असतात, एक ड्रायव्हरचं आणि एक गाडी बनवणाऱ्या संघाचं. संघाच्या खात्यात दोन्ही गाड्यांचे गुण जमा होतात. ड्रायव्हरला मात्र फक्त स्वतःचे मिळतात. बाकीच्यांच्या गाड्या वेगळ्या, इंजिनं वेगळी. त्यांच्याकडून हरलं तर कारण सांगता येतं. तीच गाडी चालवणारा सोबती पुढे गेला तर सांगायला काही उरत नाही. म्हणून या खेळात सगळ्यात आधी हरवायचा असतो तो आपल्याच गॅरेजमधला माणूस.

व्हिलनव्ह कॅनडातल्या क्वेबेकचा. बर्फावरच्या स्नोमोबाइल शर्यतींतून पुढे आलेला. १९७७ च्या अखेरीस तो फेरारीत आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. संघाचे संस्थापक एन्झो फेरारी यांचा त्याच्यावर उघड लोभ होता. गाडी मोडून आणली तरी ते त्याच्यावर फारसे रागावत नसत. इटलीतल्या प्रेक्षकांनी तर त्याला आपलाच मानला होता. १९८१ मध्ये फेरारीची टर्बो गाडी इंजिनाच्या ताकदीत पुढे पण वळणावर अगदीच ओबडधोबड होती. त्या गाडीने त्याने मोनॅको आणि हारामा अशा दोन शर्यती जिंकल्या. हारामाला मागे लागलेल्या चार गाड्यांना त्याने शेवटपर्यंत वाट दिली नाही.

या प्रकरणासाठी त्याची सगळ्यात महत्त्वाची शर्यत मात्र तो न जिंकलेली आहे. सप्टेंबर १९७९, मॉन्झा. पुढे फेरारीचाच दुसरा ड्रायव्हर जोडी शेक्टर, मागे व्हिलनव्ह. शेक्टर जिंकला तर विश्वविजेता ठरणार होता. व्हिलनव्हलाही त्या क्षणी विजेतेपदाची संधी गणिताने शिल्लक होती. शेक्टर पुढे आहे आणि पुढेच राहील, असं संघाचं ठरलेलं होतं. व्हिलनव्ह त्याच्या मागच्या चाकांना चिकटून राहिला आणि अर्ध्या सेकंदाहून कमी अंतराने दुसरा आला. वर्षाअखेरीस शेक्टरचे ५१ गुण, व्हिलनव्हचे ४७. तो विश्वविजेता कधीच झाला नाही.

दिलेला शब्द पाळण्यासाठी ज्याने जगज्जेतेपदाची संधी सोडली, त्याच्या मनात तो रिवाज साध्या नियमासारखा राहत नाही. त्याची पूर्ण किंमत त्याने मोजलेली असते. आता आपल्या वाट्याला येईल तेव्हा समोरचाही तेवढीच किंमत मोजेल, असं तो धरून चालतो.

पिरोनी पॅरिसजवळचा. थंड डोक्याचा, महत्त्वाकांक्षी. १९७८ मध्ये रेनॉ-आल्पीनच्या गाडीतून त्याने जाँ-पिएर जोसो याच्या जोडीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली होती. फॉर्म्युला वनमधला त्याचा पहिला विजय १९८० चा, लिजिए संघाकडून, बेल्जियममधल्या झोल्डर ट्रॅकवर. झोल्डर हे नाव पुढे पुन्हा यायचं आहे. १९८१ मध्ये तो फेरारीत आला. व्हिलनव्हने त्याचं मोकळेपणाने स्वागत केलं आणि दोघांची चांगली मैत्री झाली. पहिल्या वर्षी व्हिलनव्हने २५ गुण मिळवले, पिरोनीने ९. पिरोनीचा त्या वर्षीचा सर्वोत्तम निकाल चौथा क्रमांक.

या शेवटच्या वाक्यात एक गोष्ट दडलेली आहे. शर्यतीच्या अखेरीस दोन्ही फेरारी एकापाठोपाठ सगळ्यात पुढे धावत आहेत, असा प्रसंग पिरोनीच्या काळात इमोलाच्या आधी एकदाही आला नव्हता. ‘प्रतिस्पर्धी बाद झाले की जो पुढे आहे तो पुढेच राहतो’ हा फेरारीतला रिवाज त्याने कानाने ऐकला असेलही. त्याच्यावर तो चालवण्याची वेळ मात्र कधी आलेली नव्हती.

त्या रविवारी काय झालं

त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये यादवी माजली होती. ब्राझीलच्या शर्यतीत पहिल्या दोन आलेल्या नेल्सन पिके आणि केके रोसबर्ग यांना गाडीच्या वजनाच्या वादातून बाद ठरवलं गेलं, आणि त्याच्या निषेधार्थ बहुतेक ब्रिटिश संघांनी इमोलावर बहिष्कार टाकला. फक्त १४ गाड्या उतरल्या. त्यांत जिंकू शकणाऱ्या चारच, दोन रेनॉ आणि दोन फेरारी. इमोला हे फेरारीचं अंगणच. ट्रॅकलाही तेव्हा एन्झो यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं, दिनोचं नाव होतं. टेकड्यांवर बसलेली गर्दी लाल रंगासाठी आली होती.

फेरारीला त्या दिवसाची गरजही होती. मोसमाच्या पहिल्या तीन शर्यतींत व्हिलनव्हचे गुण शून्य होते. लाँग बीचला तो तिसरा आला होता, पण मागच्या पंखाच्या रचनेवरून बाद ठरला. पिरोनीकडे जेमतेम १ गुण.

शनिवारपर्यंतच्या, सुटण्याची जागा ठरवणाऱ्या पात्रता फेऱ्यांत आर्नू पहिला, अलाँ प्रोस्त दुसरा, व्हिलनव्ह तिसरा आणि पिरोनी चौथा. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये १.३ सेकंदांचं अंतर होतं. एकाच संघाच्या दोन सारख्या गाड्यांमध्ये हे फार मोठं अंतर. सरावात पिरोनीची गाडी आपटली होती, त्याचाही त्यात वाटा. पुढे व्हिलनव्हने हाच आकडा लोकांसमोर ठेवला : खरोखर झुंज झाली असती, तर तो माझ्या आसपास तरी आला असता का?

प्रोस्त सुरुवातीलाच बाद झाला. आर्नू पुढे, मागे दोन फेरारी, असं बराच वेळ चाललं. मध्ये काही फेऱ्या व्हिलनव्हने आघाडी घेतली, आर्नूने ती परत मिळवली. मग ४४व्या फेरीत आर्नूचं इंजिन गेलं. व्हिलनव्ह पुढे, पिरोनी मागे, आणि भिंतीवरून ‘स्लो’.

वेग कमी करायला सांगण्यामागे साधं कारण होतं. फेरारीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन तहानलेलं, आणि इमोलाचा ट्रॅक पेट्रोल पिणारा : मंद वळणांतून पुन्हा पुन्हा जोराने बाहेर पडायचं. शर्यतीत मध्ये थांबून पेट्रोल भरण्याची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. टाकीत आहे तेवढ्यात ६० फेऱ्या, म्हणजे ३०० किलोमीटर, काढायच्या. शिवाय टर्बो इंजिनं त्या काळी कधी दगा देतील याचा भरवसा नसे. आर्नूचं त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं.

व्हिलनव्हने पाटी पाहिली आणि वेग कमी केला. त्याच्या दृष्टीने शर्यत संपली होती. ४६व्या फेरीत पिरोनी त्याला मागे टाकून गेला. व्हिलनव्हला वाटलं, हा प्रेक्षकांसाठीचा खेळ असेल. १४ गाड्यांची शर्यत पाहायला पैसे मोजून आलेल्या लोकांना थोडी करमणूक. ४९व्या फेरीत त्याने पुन्हा पुढे जाऊन वेग उतरवला. पण पिरोनी पुढे असला की फेऱ्या पुन्हा वेगवान होत. ५३व्या फेरीत पिरोनी परत पुढे गेला आणि पुढेच राहिला. व्हिलनव्ह पुढे असताना गाडी राखत होता, पिरोनी पुढे गेला की पळवत होता. घड्याळात पकडलेल्या वेळा हाच फरक दाखवतात, आणि माझ्या मते या साऱ्या वादातला सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे.

५९व्या फेरीत व्हिलनव्हने निकराने आघाडी घेतली. शेवटच्या फेरीत तो पेट्रोल जपत निघाला. त्याच्या मते आता सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. तोसाच्या वळणाआधीच्या सरळ पट्ट्यावर पिरोनी आतल्या बाजूने आला, ब्रेक उशिरा लावला आणि पुढे निघून गेला. उत्तर द्यायला ट्रॅकवर जागाच उरली नव्हती. रेषेवर दोघांत ०.३६६ सेकंदाचं अंतर होतं.

व्यासपीठावरचे फोटो पाहावेत. पिरोनी हसतो आहे. व्हिलनव्हचा चेहरा दगडासारखा झाला आहे.

पाटीवर काय नव्हतं

त्या वेळची गुणपद्धत ९-६-४-३-२-१ अशी होती. व्हिलनव्ह पहिला आणि पिरोनी दुसरा आला असता तर फेरारी संघाला १५ गुण. उलट क्रमाने आले तरी १५. संघाच्या वहीत दोन्ही निकालांची किंमत सारखीच होती. संघाला भीती एकच, की दोन्ही गाड्या एकमेकींवर आपटतील किंवा पेट्रोल संपून वाटेत थांबतील. पाटी त्या भीतीपुरतीच लिहिली गेली. संघाला जे हवं होतं ते तिच्यावर होतं : वेग कमी करा. ड्रायव्हरांच्या दृष्टीने जो एकमेव प्रश्न होता, पहिला कोण, तो तिच्यावर नव्हता. कारण तो प्रश्न संघाला पडलाच नव्हता.

व्हिलनव्हने ती पाटी १९७९ च्या उजेडात वाचली. ‘स्लो’ म्हणजे आहात तसे राहा. त्याला हे इतकं उघड वाटत होतं की त्याचा दुसरा अर्थ लावणारा माणूस एक तर मूर्ख असेल किंवा चोर. पिरोनी मूर्ख नव्हता.

पिरोनीने नंतर आपली बाजू मांडली ती अशी : क्रम राखा असं कोणी सांगितलेलं नव्हतं, पाटीचा अर्थ डोकं ठिकाणावर ठेवून चालवा एवढाच होता. शब्दशः पाहिलं तर त्याचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही. ‘स्लो’चा शब्दार्थ तेवढाच आहे. पण मग त्याने तरी वेग कुठे कमी केला? ज्या अर्थाचा त्याने आधार घेतला, तो अर्थही त्याने पाळला नाही. इथे मात्र मी त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. पाटी दुहेरी अर्थाची असली, तरी त्यातला एक अर्थ दोघांसाठी सारखा होता आणि तो एकट्या व्हिलनव्हने पाळला.

आणखी दोन गोष्टी इथे नोंदवायला हव्यात. फेरारीचे तांत्रिक प्रमुख माऊरो फोर्गिएरी त्या दिवशी इमोलाला नव्हते. फोर्गिएरी म्हणजे संघातला जुना, रागीट, दोन्ही ड्रायव्हरांना तोंडावर बोलू शकणारा माणूस. त्यांच्या जागी ट्रॅकवर अधिकार होता संघव्यवस्थापक मार्को पिच्चिनिनी यांच्याकडे. पिरोनीचं लग्न नुकतंच झालं होतं, त्यात पिच्चिनिनी साक्षीदार होते आणि व्हिलनव्हला बोलावणं नव्हतं. यावरून पिच्चिनिनींनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण ज्याला डावललं गेलं असं वाटतं, त्याच्या डोक्यात अशा गोष्टी एकामागून एक जुळत जातात. लग्नाचं न आलेलं आमंत्रण शेवटच्या फेरीतल्या त्या ओव्हरटेकशेजारी जाऊन बसतं.

पिरोनी पहिल्यांदा पुढे गेला ती ४६वी फेरी होती. शेवटच्या फेरीपर्यंत १४ फेऱ्या उरल्या होत्या. इमोलाची एक फेरी साधारण दीड मिनिटाची. म्हणजे वीस मिनिटांहून अधिक वेळ संघाच्या हातात होता. दुसरी पाटी लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही. २७ वर, २८ खाली. खडूने लिहिलं असतं तरी चाललं असतं. दोन मित्र भिंतीसमोरून फेरीमागून फेरी क्रम बदलत जाताना दिसत होते आणि भिंतीवरच्या माणसांनी नवा शब्द लिहिला नाही. या प्रकरणात मला सर्वांत जड वाटते ती हीच गोष्ट. पहिली पाटी घाईत लिहिली होती असं म्हणता येईल. त्यानंतरच्या गप्प बसण्याला मात्र घाईची सबब चालत नाही.

तेरा दिवस

यापुढे पिरोनीशी आयुष्यात एक शब्द बोलणार नाही, असं व्हिलनव्हने त्याच आठवड्यात पत्रकाराजवळ सांगितलं आणि ते पाळलं. एन्झो फेरारी शर्यतींना हजर राहत नसत. त्यांनी नंतर पत्रक काढून व्हिलनव्हची बाजू उचलून धरली. पण व्हिलनव्हला हवा होता तो निर्णय शर्यत चालू असताना. पत्रकाने निकाल बदलत नाही, आणि ज्याच्याबरोबर गॅरेज वाटून घ्यायचं आहे त्याच्याविषयीचा विश्वासही परत येत नाही.

८ मे, झोल्डर. पात्रता फेरीची शेवटची काही मिनिटं. पिरोनीची वेळ व्हिलनव्हपेक्षा सुमारे एक दशांश सेकंदाने चांगली होती. व्हिलनव्ह ट्रॅकवर होता. वाटेत योखेन मासची सावकाश चाललेली, मार्च संघाची गाडी आली. मासने त्याला वाट द्यायला उजवीकडे गाडी घेतली, आणि त्याच क्षणी व्हिलनव्हनेही उजवीकडूनच जायचं ठरवलं. चाकाला चाक लागलं, फेरारी हवेत उडाली. त्याच रात्री लूवेनच्या रुग्णालयात व्हिलनव्ह गेला. तो ३२ वर्षांचा होता.

पिरोनीची वेळ मोडण्याच्या हट्टापायी तो मेला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. फोर्गिएरींचं म्हणणं वेगळं होतं : त्याला परत बोलावलं होतं आणि तो पिटकडेच येत होता. मी या दोन्हींपैकी एक निवडणार नाही. व्हिलनव्ह पिटकडे परततानाही पूर्ण वेगाने चालवत असे, सगळ्यांना माहीत होतं. त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय होतं हे कोणालाच कळणार नाही. आणि ज्याला कळणार नाही त्याने पिरोनीच्या डोक्यावर एका मृत्यूचं ओझं ठेवू नये. मासने उजवीकडे घेतलं, व्हिलनव्हनेही उजवीकडे घेतलं. अपघात त्यात आहे. इमोलाचा राग खरा होता, झोल्डरचा अपघातही खरा होता. दोहोंना जोडणारा दोरा लोकांनी ओवला, कारण त्याशिवाय त्यांना ते दुःख समजून घेता येईना.

पिरोनीच्या वाट्याला त्यानंतर जे आलं ते विजयासारखं काही नव्हतं. जूनमध्ये माँट्रियलला तो सर्वांत पुढून सुटणार होता. ट्रॅकला नुकतंच व्हिलनव्हचं नाव दिलं होतं. सुटताना त्याची गाडी बंद पडली आणि मागून येणारा तरुण रिकार्दो पालेत्ती तिच्यावर आदळून मरण पावला. पिरोनी गाडीतून उतरून मदतीला धावला. जुलैत त्याने झांडव्होर्ट जिंकलं आणि पुढच्या शर्यतीत दुसरा येऊन तो गुणतक्त्यात पहिला झाला. ७ ऑगस्टला हॉकेनहाइमच्या पावसात, पाण्याच्या फवाऱ्यात न दिसलेल्या प्रोस्तच्या रेनॉवर त्याची गाडी मागून आदळली. त्याचे पाय वाचले, पण शर्यतीचं आयुष्य संपलं. तेव्हा त्याचे ३९ गुण होते. उरलेल्या शर्यती त्याने रुग्णालयातून पाहिल्या आणि ४४ गुण घेऊन रोसबर्ग विश्वविजेता झाला. संघाचं विजेतेपद फेरारीने जिंकलं. पाटी ज्या हिशोबासाठी लिहिली होती, तो हिशोब बरोबर निघाला.

नाव लिहिलेल्या पाट्या

मग पाटीवर स्पष्ट नावं असती तर सगळं सुरळीत झालं असतं का? तसं म्हणता येत नाही. इमोलाच्या वर्षभर आधी, मार्च १९८१ मध्ये, रिओ दि जानिरोच्या पावसात विल्यम्स संघाच्या पाटीवर ‘जोन्स-रॉयट’ असं चक्क लिहिलेलं होतं : ॲलन जोन्स पुढे, कार्लोस रॉयटमन मागे. रॉयटमनच्या करारातही तशी अट होती. रॉयटमनने पाटी पाहिली, वाट दिली नाही आणि शर्यत जिंकली. जोन्स व्यासपीठावर गेलाच नाही. त्या मोसमाच्या शेवटी रॉयटमन विश्वविजेतेपद एका गुणाने हरला.

इमोलानंतर तीनच महिन्यांनी फ्रान्समध्ये पॉल रिकारला रेनॉमध्येही तसंच घडलं. प्रोस्तला वाट द्यायची असं संघाचं ठरलं होतं. आर्नूने दिली नाही आणि स्वतः जिंकला. मोसम संपल्यावर आर्नू रेनॉ सोडून गेला. गेला तोही फेरारीतच.

तरी या दोन प्रकरणांत आणि इमोलात मला मोठा फरक दिसतो. रॉयटमनने हुकूम मोडला हे जोन्सला, संघाला, प्रेक्षकांना, स्वतः रॉयटमनलाही माहीत होतं. भांडण झालं ते एकाच वाक्याच्या दोन बाजूंना उभं राहून : तू मोडलंस, हो मोडलं. असं भांडण कडू असतं, पण त्याला तळ असतो. इमोलाच्या भांडणाला तळ नव्हता. व्हिलनव्हच्या मते शब्द मोडला गेला, पिरोनीच्या मते शब्द दिलाच नव्हता. दोघांच्या मनात दोन वेगळ्या शर्यती झाल्या होत्या.

हुकूम पाळला गेला म्हणून भलं होतं असंही नाही. १२ मे २००२, ऑस्ट्रिया. फेरारीचा रूबेन्स बारिकेलो सुरुवातीपासून पुढे होता. मायकेल शूमाकरला वाट दे असं त्याला रेडिओवरून स्पष्ट सांगितलं गेलं. त्याने शेवटच्या रेषेजवळ वेग कमी केला आणि शूमाकर ०.१८२ सेकंदाने जिंकला. शूमाकरचे तेव्हा आधीच ४४ गुण होते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या माँटोयाचे २३. गरज कसलीच नव्हती. प्रेक्षकांनी दोघांचीही हुर्यो उडवली. शूमाकरने ओशाळून बारिकेलोला व्यासपीठाच्या वरच्या पायरीवर उभं केलं. संघाला दंड झाला तो या व्यासपीठाच्या शिस्तभंगासाठी. २००३ पासून निकाल बदलणारे संघाचे हुकूम नियमानेच बंद झाले.

बंदीने काय केलं? हुकूम गेले नाहीत, त्यांची भाषा पुन्हा धूसर झाली. २०१० मध्ये हॉकेनहाइमला फेरारीच्या फेलिपे मासाला सांगितलं गेलं की फर्नांडो (संघातला सोबती अलोन्सो) तुझ्यापेक्षा वेगवान आहे, हे तुला समजलं ना. मासाने वाट दिली. तो दिवस २५ जुलैचा. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, हंगेरीत त्याच्या डोक्याला दुसऱ्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग लागून तो मरता मरता वाचला होता. परतल्यानंतरचा पहिला विजय समोर असताना तो असा सुटला. फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला आणि २०११ पासून तो नियमच काढून टाकला गेला. मला वाटतं काढला हे योग्य झालं. लपूनछपून दिलेला हुकूम हा इमोलाच्या पाटीचाच भाऊ.

या सगळ्यांत मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं ते मॅक्लारेनचं १९९८ मधलं मेलबर्न. मिका हाकिनेन आणि डेव्हिड कूल्टहार्ड यांनी शर्यतीआधी आपसात ठरवलं : पहिल्या वळणावर जो पुढे, शर्यत त्याची. हाकिनेन पुढे होता. रेडिओवरच्या गैरसमजातून तो चुकून पिटमध्ये आला आणि आघाडी गेली. शेवटच्या फेऱ्यांत कूल्टहार्डने सरळ पट्ट्यावर वेग कमी करून त्याला पुढे सोडलं. लोक चिडले, आणि त्यांच्या चिडण्यात चूक नव्हती. त्यांनी तिकिटं शर्यतीसाठी काढली होती. पण दोन ड्रायव्हरांमध्ये काय ठरलंय याबद्दल त्या दोघांच्या मनात शंका नव्हती. सौदा कूल्टहार्डला महाग पडला, फसवणूक कोणाचीच झाली नाही. ठरलं ते शर्यतीआधी, आणि ते दोघांनी एकमेकांच्या तोंडून ऐकलेलं होतं. इमोलाच्या सकाळी फेरारीच्या गॅरेजमध्ये एवढंच व्हायला हवं होतं. फोर्गिएरी नव्हते तर पिच्चिनिनींनी करायला हवं होतं. त्यांच्याशीही बोलणं झालं नसेल तर पिरोनीने विचारायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर व्हिलनव्हनेही. ज्या गोष्टीची किंमत आपण एकदा मोजली आहे, ती समोरच्याला माहीत आहे की नाही हे त्याने एकदा तोंडाने विचारलं असतं, तर पिरोनीला एक तर हो म्हणावं लागलं असतं किंवा नाही. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर ‘स्लो’पेक्षा बरं होतं.

त्यानंतर

व्हिलनव्हची २७ क्रमांकाची गाडी त्याचा मित्र पॅट्रिक टाम्बेला मिळाली. पुढच्या वर्षी इमोलाला तो तिसऱ्या जागेवरून सुटला, बारा महिन्यांपूर्वी व्हिलनव्ह जिथून सुटला होता त्याच जागेवरून. ती शर्यत टाम्बेने जिंकली.

पिरोनीवर कित्येक शस्त्रक्रिया झाल्या. फॉर्म्युला वनमध्ये परतण्याचे त्याचे प्रयत्न अपुरे राहिले, मग तो वेगवान बोटींच्या शर्यतींकडे वळला. २३ ऑगस्ट १९८७ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइटजवळ त्याची बोट लाटेवर उलटली. तो आणि बोटीवरचे दोन सहकारी गेले. त्याची जोडीदार काथरीन तेव्हा गरोदर होती. १९८८ च्या जानेवारीत तिला जुळे मुलगे झाले. एकाचं नाव तिने दिदिए ठेवलं, दुसऱ्याचं झिल.

झिल पिरोनी मोठा होऊन इंजिनियर झाला आणि मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन संघात लागला. २ ऑगस्ट २०२० रोजी सिल्व्हरस्टोनला लुईस हॅमिल्टन जिंकला, तेव्हा संघाचा चषक घ्यायला व्यासपीठावर तो गेला होता.